मीराबेनच्या भिंती

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस दिसतो आणि उसाच्या कडेकडेने घरे दिसतात. ती बहुतेक स्लॅबची. पण हमरस्ता सोडून जिरायत भागातल्या एखाद्या जुन्या गावठाणात शिरले, की अजूनही एखादे धाब्याचे घर तग धरून उभे असते. दगडी जोते, त्यावर पांढऱ्या मातीची हातभर जाडीची भिंत, लाकडी खांब, तुळया, त्यांवर कडीपाट, कडीपाटावर पाला आणि पाल्यावर पुन्हा मातीचा थर. धनी पुण्याला किंवा पिंपरी-चिंचवडला. दाराला कुलूप. एखाद्या उन्हाळ्यात त्याच्या मनात येते की हे घर पाडायचे नाही, नीट करायचे. तो गावातल्या गवंड्याला बोलावतो. गवंडी भिंतीवर थाप मारतो, वरून दोन ढेकळे खाली येतात आणि मग तो एक तर पाडा म्हणून सांगतो, नाही तर सिमेंटचा गिलावा सुचवतो.

गिलावा केला तर घर दोनचार वर्षे झकास दिसते. मग भिंतीच्या पोटातली ओल बाहेर पडायला वाट शोधू लागते. मातीची भिंत श्वास घेते असे जुनी माणसे म्हणत, त्यात कविकल्पना नाही. जमिनीतून चढलेले पाणी अशा भिंतीतून वाफ होऊन हवेत जाते. वर सिमेंटचे कातडे चढवले की ती वाट बंद होते. कातड्याच्या मागे माती भिजत राहते, खालच्या दोन हातांत फुगते, आणि एके दिवशी गिलाव्याचा पोपडा सोबत भिंतीचाही लचका घेऊन पडतो. कालव्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या गावांत, जिथे जमिनीतच पाणी वर आलेले असते, तिथे हे लवकर घडते. म्हणजे घर मातीनेच दुरुस्त करायला हवे, फार तर चुन्याने. पण माती कोण भिजवणार, कोण तुडवणार, कोण लिंपणार? गावात ते हात उरले आहेत का?

हा प्रश्न अगदी शेवटपर्यंत, स्वतःच्या हातांना चिखल लावून, सोडवू पाहणारी एक बाई महाराष्ट्रात होऊन गेली. ती ना बारामतीची होती ना इंदापूरची. ती महाराष्ट्राचीच काय, हिंदुस्थानचीही नव्हती. मीराबेन या नावाने आपण त्यांना ओळखतो, ते गांधीजींच्या मागे शाल पांघरून चालणारी उंच गोरी बाई म्हणून. वृत्तपत्रांतल्या जुन्या छायाचित्रांनी त्यांची तेवढीच ओळख ठेवली. त्या घरे बांधत, हे फारसे कोणी सांगत नाही.

मॅडेलिन स्लेड यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा. वडील सर एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारातले बडे अधिकारी. आरमारी माणसाचे बिऱ्हाड कधी इथे तर कधी तिथे, त्यामुळे मॅडेलिनचे बालपण बरेचसे आजोळी गेले. इंग्लंडमध्ये डॉर्किंग गावाजवळ आजोबांची मोठी बाग, शेती आणि घोडे होते. झाडे, जनावरे आणि एकांत यांत ती मुलगी रमे. १९०९ च्या सुमारास वडिलांची नेमणूक पूर्वेकडच्या आरमारी ताफ्याचे प्रमुख म्हणून झाली आणि ती मुंबईला आली. दोनेक वर्षांच्या त्या मुक्कामात तिने मुंबई पाहिली ती मेजवान्या आणि समारंभ यांच्या खिडकीतून. हा देश तिला तेव्हा दिसलाच नाही.

तिचे खरे वेड बेथोव्हनचे संगीत. त्या वेडापायी ती फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांना भेटायला स्वित्झर्लंडला गेली. बेथोव्हनवर लिहिणाऱ्या या लेखकाचे गांधीजींवरचे पुस्तक तेव्हा छापायला गेले होते. १९२४ साली ते तिच्या हाती पडले आणि तिच्या आयुष्याची दिशाच बदलली. पण ती तडक बोटीत चढली नाही. तिने स्वतःला वर्षभराची मुदत दिली. मांस-मद्य सोडले, सूत कातायला शिकली, मांडी घालून बसायची आणि जमिनीवर झोपायची सवय केली, उर्दूचे धडे घेतले. श्रीमंत घरातल्या तिशी उलटलेल्या बाईने जमिनीवर बसण्याचा सराव करावा, हे वाचताना आपल्याला गंमत वाटते. आपल्याला ते जन्मतः येते म्हणून. पुढच्या साऱ्या आयुष्याची ती पूर्वतयारी होती. मातीच्या घरात राहायचे तर आधी जमिनीशी सलगी हवी.

नोव्हेंबर १९२५ मध्ये त्या मुंबईला उतरल्या आणि दुसऱ्याच दिवशी साबरमतीला पोचल्या. गांधीजींनी त्यांचे नाव मीरा ठेवले. आश्रमात त्यांच्या वाट्याला संडास सफाई आली, मग पिंजण आणि कताई. केस उतरवले, खादी नेसली. १९३१ ला गोलमेज परिषदेसाठी त्या गांधीजींबरोबर लंडनला गेल्या, परत आल्यावर तुरुंगात गेल्या, १९३४ ला इंग्लंड-अमेरिकेत हिंदुस्थानची बाजू मांडत फिरल्या. हा सारा तपशील चरित्रग्रंथांत आहे आणि तो इथे फार लांबवण्याचे कारण नाही.

आपला विषय सुरू होतो तो वर्ध्यात. १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र झाले. जवळच सिंदी हे गाव. तिथल्या रस्त्यांवरची घाण उचलायला मगनवाडीची मंडळी बादल्या घेऊन जात. मीराबेन तिथे राहायलाच गेल्या. पाहुण्या म्हणून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या सेवकाने गाव सुधारत नाही, हे त्यांना तिथे उमगले असावे. पुढे त्यांनी आणखी आतले गाव निवडले. वर्ध्यापासून पाचेक मैलांवरचे शेगाव. जमनालाल बजाज यांची तिथे मालगुजारी होती. बहुसंख्य वस्ती दलितांची, पावसाळ्यात रस्ता चिखलात बुडालेला, साप आणि हिवताप भरपूर. हेच पुढे १९४० साली सेवाग्राम झाले, कारण बुलढाण्याकडच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई.

गांधीजींनी तिथे जाऊन राहायचे ठरवले तेव्हा त्यांनी आपल्या अटी लिहून ठेवल्या. झोपडीवर होता होईल तो कमी खर्च व्हावा आणि कोणत्याही परिस्थितीत तो १०० रुपयांवर जाऊ नये. जी काही मदत लागेल ती गावातूनच घ्यावी. ३० एप्रिल १९३६ ला ते पायी शेगावला आले, काही दिवस राहिले आणि बाहेरगावी गेले. पाऊस पडायच्या आत घर उभे करायचे काम उरले ते मीराबेनवर.

हातात वैशाख आणि अर्धा ज्येष्ठ. विदर्भाचे ऊन. ज्याने कधी मातीचे काम केले आहे त्याला या घाईचा अर्थ कळेल. मातीला घाई चालत नाही. माती आधी निवडावी लागते. नुसती काळी माती भिंतीला कुचकामाची, ती पाण्याने फुगते आणि उन्हाने तडकते. निवडलेली माती चाळून भिजत घालायची, तिच्यात भुसा कालवायचा, पायांनी तुडवायची, पुन्हा मुरू द्यायची. भिंत घालताना एका वेळी हातभर उंचीचा थर द्यायचा आणि तो वाळेपर्यंत थांबायचे. वरचा थर ओल्यावर चढवला तर भिंत पोट काढते. वर्ध्याकडच्या पद्धतीत हे काम बांबूने थोडे हलके होते. लाकडी खांब रोवायचे, मधे बांबूचे कूड विणायचे आणि त्याला दोन्ही बाजूंनी चिखल लिंपायचा. वरून शेणमातीचा हात. छपराला बांबू आणि त्यावर कुंभाराच्या आव्यातून निघालेले कवेलू.

जूनच्या मध्यावर भर पावसात गांधीजी चालत परत आले तेव्हा डोक्यावर छप्पर होते. हे घर म्हणजे आजचे आदि निवास. त्यात एकच मोठी खोली आणि चहूबाजूंनी ओसरी. त्या एका खोलीत गांधीजी, कस्तुरबा, पाहुणे, आजारी, सारे. एका कोपऱ्यात देशाचे राजकारण चाले आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोणाच्या पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवलेली असे.

इथे जरा थांबून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जवळच्या सामानानेच घर बांधावे, हा नियम पुढे फार गाजला. चाळीसच्या दशकात मुंबईत गांधीजींना भेटलेल्या लॉरी बेकर या तरुण इंग्रज वास्तुशिल्पकाराने तो मनावर घेतला. घराचे सामान घरापासून पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, ही गांधीजींची कल्पना त्यांनी केरळात विटा आणि चुन्यातून आयुष्यभर राबवली. पण हा नियम सगळीकडे एकच घर देत नाही, हे त्याचे खरे मर्म. वर्ध्याला वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथे पाच मैलांत बांबू, लाकूड आणि कौलाची माती, म्हणून उतरते छप्पर. इंदापूर-बारामतीला पाऊस त्याच्या निम्म्याने. इथे पाच मैलांत दगड आणि पांढरी माती, म्हणून सपाट धाबे. वर्ध्याचे कवेलू इंदापुरात आणून चढवणे हा पर्यावरणप्रेमाचा नमुना नव्हे, तो नुसता हौसेचा खर्च.

धाब्याची दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडची हजारो माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या दिवसापासून मराठी माणसाच्या मनातून मातीचे घर उतरले, आणि त्याला कोण दोष देईल? तरी तपशील पाहावा. मारले ते मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींनी. त्यांच्यात आतल्या आणि बाहेरच्या दगडांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. छपरावर दर काही वर्षांनी गळती थांबवायला मातीचा नवा थर टाकलेला, जुना कोणी उतरवला नव्हता. डोक्यावर दोन-दोन फूट माती साचली होती. धाब्याचे घर नीट करायला निघालेल्याने पहिले काम हे करावे. वरची साचलेली माती आधी उतरवावी, खांब आणि तुळया वाळवीसाठी ठोकून पाहाव्यात, मग गवत उगवणार नाही इतकाच पांढऱ्या मातीचा बेताचा थर द्यावा आणि पन्हळी मोकळ्या कराव्यात. शेगावातले मीराबेनचे घर या दृष्टीने शहाणे होते. लाकूड-बांबूचा सांगाडा, त्यावर हलके छप्पर. भूकंप डोळ्यांसमोर ठेवून ते बांधले नव्हते. विदर्भातला शेतकरी बांधत होता तसे त्यांनी बांधले.

आता मीराबेनच्या स्वतःच्या घराकडे येऊ. आदि निवासातल्या गर्दीत त्यांचे मन रमेना. गांधीजींच्या सेवेसाठी त्या आल्या होत्या, पण त्यांनी आपल्यामागे फिरू नये, गावाचे काम करावे, अशी गांधीजींची शिस्त. ही ओढाताण त्यांना आयुष्यभर छळत राहिली. १९३६ मध्येच त्यांना विषमज्वराने गाठले आणि तेव्हा गांधीजींनीच त्यांची शुश्रूषा केली. पुढे त्यांनी थोड्या अंतरावर आपल्यासाठी एक लहान घर बांधले. त्यात त्या राहत आणि गावातल्या माणसांना पिंजण-कताई शिकवत. या घरावर त्यांनी जीव लावला. भिंतींच्या ओल्या लिंपणात त्यांनी हाताने उठावाची चित्रे काढली. ताडामाडाची झाडे, चरखा, ओम. ज्या बाईच्या कानात बेथोव्हन होता तिने विदर्भातल्या बायकांचा भिंतीवरचा हात असा काही उचलला की ते काम परदेशी बाईचे आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

आणि मग ते घर गेले. आदि निवासात गर्दी वाढली, गांधीजींच्या प्रकृतीला निवांतपणा हवा होता, आणि मीराबेनचे घर त्यांच्यासाठी घेण्यात आले. नवे बांधायचे नाही, आहे तेच वाढवायचे. ओसरी काढली, न्हाणीघर जोडले, आजाऱ्यांसाठी खोली केली. आजच्या भाषेत जुन्या घराचे नूतनीकरण. हीच ती बापू कुटी. देशातले बडे पुढारी याच चटईवर येऊन बसले. व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून इथे टेलिफोन आला. सापाला न मारता पकडायचा लाकडी चिमटा आणि पेटी इथे आहे. १९७८ साली इव्हान इलिच या जगभर वाचल्या जाणाऱ्या विचारवंताने या कुटीत बसून काय सुचले त्यावर एक भाषणच केले. जगातल्या बहुधा सर्वांत प्रसिद्ध मातीच्या घरांपैकी हे एक. पण जिने ते बांधले तिचे नाव त्याला नाही.

मीराबेनना याचे काय वाटले असेल? तक्रार केली असेल असे वाटत नाही. आपले घर बापूंच्या उपयोगी पडले यात त्यांना धन्यताच वाटली असणार. पण वाचणाऱ्याला थोडे खुपते. आपल्याकडे घर बाईने सारवायचे आणि पाटी पुरुषाच्या नावाची लावायची, हा रिवाज सेवाग्रामलाही चुकला नाही.

मुद्दा इथेच आहे आणि तो इंदापूरच्या त्या कुलूपबंद घरालाही लागू आहे. आपल्याकडे गावाची जमीन दोन नावांनी ओळखतात. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. पांढरीचे घर टिकायचे ते दरसालच्या हातांवर. दसरा-दिवाळीच्या आधी भिंतींना पोतारा, दर आठवड्याला भुईला सारवण, पावसाळ्याआधी जोत्याला शेणमातीचा लपेटा. हे सारे हात बायकांचे होते. शेण गोळा करणे, डोक्यावर माती आणणे, गुडघ्यांवर बसून सारवणे, आणि त्याचे मोल शून्य. गवंडी, वडार, सुतार यांना निदान मजुरी मिळे. म्हणून उसाचा पैसा आला, कालव्याचे पाणी आले, तेव्हा घरच्या बाईने आधी फरशी मागितली आणि मग स्लॅब. तिला मातीच्या घराच्या गारव्याचे कौतुक सांगायला जाणाऱ्याने आधी तिचे गुडघे पाहावेत.

मीराबेनने हे काम निवडले होते. अॅडमिरलच्या मुलीला ते टाकून परत जाण्याची मुभा होती. इंदापूरच्या बाईला ती नव्हती. दोघींच्या हाताला लागलेला चिखल एकच असला तरी हा फरक पुसता येत नाही. पण दुसरीही बाजू आहे. निवडले असल्यामुळेच मीराबेनने दाखवून दिले की हे काम हलके नाही. त्याला डोके लागते, नजर लागते, हंगामाचे भान लागते. ज्या कामाला आपण सारवण म्हणून बाजूला टाकतो त्याला त्यांनी बांधकामाच्या बरोबरीने बसवले. आज ज्याला जुने घर स्वतः नीट करायचे आहे त्याने याचा अर्थ सरळ घ्यावा. स्वतः म्हणजे स्वतः. बायकोच्या आणि मजुरीच्या बाईच्या हातांनी नव्हे.

१९४२ च्या ९ ऑगस्टला मुंबईत गांधीजींबरोबर त्यांनाही अटक झाली आणि दोघे आपल्या पुण्यात, आगाखान राजवाड्यात आले. मीराबेन जन्मल्या त्याच साली, १८९२ मध्ये, दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बांधलेली ही वास्तू. उंच कमानी, लांब व्हरांडे, भोवती काटेरी तार. मातीच्या घरात राहणाऱ्या माणसांना सरकारने राजवाड्यात कोंडले होते! आठवडाही झाला नाही तोच, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. दोघांचे दहन आवारातच झाले. गांधीजी आणि सोबतचे कैदी रोज तिथे जाऊन फुले वाहत. घर बांधणाऱ्या बाईला पुणे जिल्ह्याने दाखवल्या त्या दोन समाध्या. मे १९४४ मध्ये सुटका झाली.

त्यानंतर मीराबेन हिमालयाच्या दिशेने सरकत गेल्या. आधी रुडकी आणि हरिद्वारच्या मधे मूलदासपूरला किसान आश्रम. मग ऋषिकेशजवळ गुराढोरांसाठी पशुलोक. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला तेव्हा त्या तिथेच होत्या. दिल्लीला अंत्यदर्शनासाठी त्या गेल्या नाहीत, आपल्या कामावरच राहिल्या. १९५२ च्या सुमारास त्या आणखी वर, टिहरीकडे भिलंगना नदीच्या खोऱ्यात गेल्या आणि गोपाळ आश्रम उभा केला. दर वेळी तेच. नवी जागा, नवे बांधकाम, थोडी वर्षे, आणि पुढचा मुक्काम. एका जागी मुळे धरणे त्यांना साधले नाही, हा त्यांच्यावरचा आक्षेप खोटा नाही. सरकारी योजनांशी त्यांचे जमेना, आजारपणे पाठ सोडत नव्हती, आणि एक काम रुळायच्या आत त्यांना दुसरे दिसू लागे. शेगावला त्यांचे घर दुसऱ्यासाठी गेले, पुढच्या घरांतून त्या स्वतःच निघत गेल्या.

पण घर बांधता बांधता त्यांची नजर घराच्या पलीकडे गेली होती. घराला लाकूड कुठून येते, भिंतीला पाणी कुठून येते, हे पाहणाऱ्याला डोंगर दिसतोच. मैदानात दरसाल पूर का वाढत आहेत, याचे उत्तर त्या वरच्या उतारांवर शोधत होत्या. गढवालच्या डोंगरावरचा बांज, म्हणजे तिकडचा ओक वृक्ष, हटत चालला होता आणि त्याच्या जागी चीड वाढत होता. बांजाच्या पानांचा थर कुजून मातीत मिसळतो, पाणी धरून ठेवतो, झरे जिवंत राहतात. चिडाच्या सुयांखाली गवत नीट उगवत नाही आणि पाणी सरळ खाली धावते. गावकरी सरपणासाठी आणि चाऱ्यासाठी बांज तोडत, आणि जंगल खात्याला राळ व इमारती लाकूड देणारा चीड सोयीचा. पन्नाशीच्या दशकात हे त्यांनी लिहून सरकारपुढे मांडले. चिपको आंदोलन सुरू झाले ते १९७३ मध्ये, म्हणजे त्यानंतर दोन दशकांनी.

त्या भिलंगनेचे पुढे काय झाले हे इंदापूरच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. टिहरीचे धरण झाले, २००५ नंतर पाणी साठले आणि जुने टिहरी शहर, भागीरथीचे आणि खालच्या भिलंगनेचे खोरे पाण्याखाली गेले. उठलेल्या काही गावांना जागा देण्यात आली ती ऋषिकेशजवळ, पशुलोकच्या जमिनीवर. मीराबेनने गुरांसाठी उभारलेल्या जागी बुडालेल्या घरांतली माणसे राहायला आली. आपल्याकडे भीमेवर उजनीचे धरण १९८० ला पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातली नदीकाठची गावे अशीच गेली. उन्हाळ्यात पाणी खूप ओसरले की जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ वर येते. दगडाचे असते ते वर येते. मातीच्या भिंती विरघळून गाळात मिसळल्या, त्या आता दिसत नाहीत. धरणग्रस्त माणूस निघताना चौकटी आणि तुळया काढून नेतो. भिंत नेता येत नाही. ती पांढरीची होती आणि पांढरीबरोबर राहिली.

१९५९ च्या सुरुवातीला मीराबेन हिंदुस्थान सोडून गेल्या. तेहतीस वर्षे इथे काढून त्या परतल्या त्या पुन्हा बेथोव्हनकडे. काही काळ इंग्लंड, मग व्हिएन्नाजवळच्या रानात एक घर. १९६० मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. व्हिएन्ना ही बेथोव्हनची कर्मभूमी. त्याचे चरित्र लिहायचे आणि त्याच्या वाटांवर चालायचे, हा त्यांचा उरलेला दिनक्रम. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. २० जुलै १९८२ ला त्या गेल्या. त्यानंतर चारच महिन्यांनी रिचर्ड अॅटनबरो यांचा गांधी चित्रपट झळकला आणि जगाने त्यांना पुन्हा पाहिले ते गांधीजींच्या मागे चालणारी बाई म्हणून.

वर्ध्याला १९७६ पासून ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काम करते. देवेंद्रकुमार यांनी ते सुरू केले. लाकूड महागले आणि दुर्मीळ झाले, तेव्हा कुंभाराच्या चाकावर घडवलेले निमुळते कवेलू एकात एक गुंतवून त्यांची कमान करायची आणि तुळईवाचून छप्पर उभे करायचे, अशी पद्धत या केंद्राने बसवली. कुंभाराला काम मिळते आणि झाड वाचते. बारामतीच्या किंवा इंदापूरच्या माणसाने तिकडे जाऊन ते पाहून यायला हरकत नाही. फक्त परतल्यावर छप्पर आपल्या पावसाच्या मानाने ठरवावे.

आणि वर्ध्याला गेलेच, तर बापू कुटीत वाकून शिरावे आणि आतल्या भिंतींपुढे जरा वेळ उभे राहावे. लिंपणात उठवलेली ती झाडे अजून तिथे आहेत. मातीच्या भिंतीला पुन्हा पुन्हा हात द्यावा लागतो. इथे तो हात देणाऱ्याला दर वेळी या झाडांपाशी थांबावे लागते, बोटे हलकी करावी लागतात आणि खोडाच्या कडेकडेने, पानांच्या मधून लिंपत जावे लागते.